छोट्या चणीचं रिव्हॉल्व्हर

शरयूताईंकडे चहाला जायचं म्हणजे पायांत बरे बूट घालून जावं लागे. बसून चहा प्यायची त्या घरात पद्धतच नव्हती. कप हातात देऊन त्या चालू लागत आणि मागोमाग आपण. स्वयंपाकघरातून मागच्या लाकडी डेकवर, डेकवरून गराजमध्ये, तिथून खाली बेसमेंटमध्ये, आणि बोलणं सगळं जाता जाता. एखादं वाक्य जिन्यात सुरू व्हायचं आणि वॉशिंग मशीनपाशी संपायचं. मधलं ऐकू आलं नाही तर दोष आपल्या पायांचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा चहा त्यांच्या कार्पेटवर सांडला होता. "सांडू दे, सगळ्यांचाच सांडतो," असं म्हणून त्या पुढे निघूनही गेल्या.

आता त्या नाहीत. वर्ष होत आलं. पण अजून कोणी माझ्यासमोर नुसतं शांत बसलं की मला उगाच चुकल्यासारखं वाटतं.

हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात मी एक्स-रे विभागात लागले तेव्हा त्या माझ्या सीनियर होत्या. मूळच्या नागपूरच्या. तरुणपणी एकट्या विनिपेगला आल्या, तिथे लग्न केलं, मग नवऱ्याच्या स्टील प्लांटमधल्या नोकरीमागे इकडे. इतकी वर्षं कॅनडात काढूनही त्यांचं नागपूर हललं नव्हतं. "काय करून राहिली गं?" हा प्रश्न त्या मला दिवसातून अनेकदा विचारत. मी काही करत नसले तर जास्तच.

गंमत अशी की या बाईंचं अख्खं आयुष्य लोकांना "हलू नका" सांगण्यात गेलं. "डोन्ट मूव्ह, डार्लिंग. नॉट इव्हन अ लिटल," असं त्या ज्या आवाजात म्हणत, त्या आवाजाला मोडक्या कमरेचे धिप्पाड ट्रक ड्रायव्हरसुद्धा दगडासारखे पडून राहत. आणि काचेमागे स्वतः त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर. फोटो किंचित जरी अस्पष्ट आला तरी पुन्हा काढायच्या. डॉक्टर म्हणायचे, चालेल, दिसतंय की. शरयूताई म्हणायच्या, "जवळपास दिसून राहिलंय. जवळपास म्हणजे चूक." हे त्यांचं ब्रीदवाक्य. नव्या मुलींना त्याची धास्ती असे. मी तर घरी पोळ्या लाटतानाही ते ऐकत असे.

घरातलं सामान तर त्यांनी कधी एका जागी राहू दिलं नाही. सोफा आज खिडकीपाशी, पुढच्या वेळी जिन्यापाशी. मित्रमंडळींत कोणी नवीन घर घेतलं की या जाऊन त्यांचंही सामान हलवून येत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांना आरतीपुरतं उभं राहणं जमे, प्रवचनाला बसणं जमत नसे. म्हणून त्या पार्किंग लॉटमध्ये गाड्या लावून देत फिरायच्या. रॉयला, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. तो अवाढव्य, शांत, एका खुर्चीचा माणूस. एकदा तर त्यांनी तो खुर्चीत असतानाच खुर्ची ढकलत भिंतीकडे नेली. रॉयने पेपरातून डोकं वर काढलं, नवीन खिडकीतून बाहेर पाहिलं, "नाइस व्ह्यू, शॅरी," म्हणाला आणि पुन्हा पेपरात गेला.

रॉय बोलायचा फार कमी. पण जेवायला कोणी आलं, की शेवटी ॲपल पाय खायच्या वेळेला त्याची एक गोष्ट ठरलेली. त्याची आजी ॲग्नेस. स्कॉटलंडहून लग्न होऊन आलेली. विनिपेगच्या पश्चिमेला, जिथे नजर जाईल तिथवर झाड नाही की शेजारी नाही, तिथे आजोबांनी मातीचं घर बांधलं. आणि लग्नाची भेट म्हणून बायकोला एक रिव्हॉल्व्हर दिलं. 'मी नसेन तेव्हा हे तुझ्याजवळ असेल,' म्हणाले. पुढे एका हिमवादळात गोठ्यातून घराकडे येताना त्यांना वाट दिसली नाही. दाराजवळच गोठून गेले. तेव्हा रॉयचे वडील पाळण्यात होते. लोक म्हणाले, परत जा. ॲग्नेस गेली नाही. ते रिव्हॉल्व्हर एप्रनच्या खिशात ठेवून तिने जमीन कसली, मुलगा वाढवला. "शी फायर्ड इट वन्स. ॲट अ कायोट," म्हणजे तिकडच्या रानकोल्ह्यावर, रॉय सांगे, "मिस्ड." इथे सगळ्यांनी हसायचं. मग तो खाली जाऊन बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन यायचा आणि फलाटीनच्या फडक्यातून ते काढून दाखवायचा.

शरयूताईंनी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल! तरी 'ॲग्नेस गेली नाही' हे वाक्य आलं की त्यांचे हात थांबायचे. विनिपेगच्या पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या खोलीत रडून रडून त्यांनी परतीचं तिकीट काढायचं ठरवलं होतं. तेव्हाच एका कॉफी शॉपमध्ये रॉयने त्यांना ही गोष्ट सांगितली. "मी रॉयशी लग्न नाही केलं बापा, ॲग्नेसशी केलं," असं त्या त्याच्यादेखत म्हणायच्या. रॉय मान डोलवायचा. त्याला ते मान्य असावं.

रॉय गेला तो एका दुपारी, त्याच खुर्चीत, पेपर वाचता वाचता. अंत्यविधीच्या वेळी शरयूताई सगळ्यांना कोट अडकवायला हँगर देत होत्या. मी म्हटलं, ताई, बसा आता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच दोन हँगर उचलले. त्यानंतरचे त्यांचे महिने मला पाहवत नव्हते. आधी त्यांच्या चालण्याला एक गंमत होती. आता त्या घरभर अशा फिरायच्या की काही तरी हरवलंय आणि काय हरवलंय तेच आठवत नाहीये. सोफा मात्र एका जागी राहू लागला. मला त्याचीच जास्त भीती वाटे.

आणि मग ते रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात आलं.

म्हणजे होतं घरातच. पण आता ते त्यांचं झालं, आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. या देशात कायदा असा आहे की अठराशे अठ्ठ्याण्णव सालाच्या आधी बनलेलं, आणि ठरावीक जातीची काडतुसं घेणारं हँडगन असेल तर ते अँटीक. लायसन्स नको, काही नको, शोकेसमध्ये ठेवा. काडतुसांच्या परीक्षेत आमचं रिव्हॉल्व्हर पास होतं, तसली काडतुसं आता कोणी बनवतही नाही. प्रश्न सालाचा. ते नंतरचं निघालं तर ते बिनपरवाना शस्त्र. आणि आता नियम इतके कडक झालेत की साध्या माणसाला ते वारशानेही आपल्या नावावर करून घेता येत नाही. पोलीस नेणार आणि चेचून टाकणार. रॉय नुसतं "इट्स ॲन अँटीक" म्हणायचा आणि डबा बंद करायचा. त्याला तेवढं पुरे होतं.

"मला नाही पुरत," शरयूताई म्हणाल्या. आम्ही तेव्हा लॉन्ड्री रूममधून जात होतो. "माझ्या बेसमेंटमध्ये अँटीक आहे की गुन्हा आहे, ते मला कळायला पाहिजे ना! माधवी, रॉयची एवढीच एक वस्तू मला हवी आहे. बाकी त्याचे टाय नि फिशिंग रॉड कोणीही न्या."

तेव्हापासून आमचे रविवार रिव्हॉल्व्हरचे झाले. मला शस्त्रांचं वेड नाही. आमच्या घरी सुरीसुद्धा बोथट असते. पण खरं सांगते, त्या वस्तूची मजा मलाही लागली. छोट्या चणीचं होतं ते. इतकं छोटं की पहिल्यांदा पाहिल्यावर मला खेळणंच वाटलं. नळी बोटाएवढी, गोल सिलिंडरला काडतुसांची पाच घरं, वरचा निकेलचा मुलामा कुठे कुठे उडून खाली करडं पोलाद दिसत होतं. मुठीचं लाकूड एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं. शरयूताई टेबलावर पेपर पसरत, पाचही घरं रिकामी आहेत ना ते स्वतः बघत, मग मला बघायला लावत, आणि मगच पुढे. घोडा अंगठ्याने अर्धा मागे ओढला की सिलिंडर मोकळं व्हायचं. "ऐक," त्या म्हणायच्या आणि हळूच फिरवायच्या. टिक, टिक, टिक. प्रत्येक घर आपापल्या जागी येऊन बसल्याचा बारीक, स्वच्छ आवाज. त्या वेळी त्यांचं तोंड लहान मुलीसारखं व्हायचं.

चाप मात्र ओढायचा नाही. मी एकदा गमतीत बोट नेलं तर केवढ्या ओरडल्या! या जातीच्या काडतुसाची दारू मधे नाही, कडेला पेटते. म्हणून घोडाही कडेवरच पडतो. घर रिकामं असेल तर पोलादावर पोलाद आपटतं आणि खाच पडते. "ॲग्नेसने एवढी वर्षं खाच पडू दिली नाही, आणि तू आलीस ठाण्याहून!" असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. मग परत दिलं, फिरवायला.

पण साल काही केल्या सापडेना. अमेरिकेतल्या एका कारखान्याचं ते होतं, कारखाना केव्हाच बुडालेला, त्यामुळे मुठीच्या तळावरचा नंबर कशाशी ताडून बघायचा तेच नाही. नळीवरची अक्षरं एप्रनमध्ये घासून घासून अर्धी गेलेली. शरयूताईंनी आपला हातखंडा वापरला. बाजूने दिवा लावून फोटो, मग दुसऱ्या कोनातून, मग तिसऱ्या. फोटो मोठे करून खिडकीच्या काचेवर चिकटवले आणि कमरेवर हात ठेवून समोर येरझाऱ्या घालू लागल्या, जसं काही रिव्हॉल्व्हरच्या फुप्फुसात डाग आहे. माझी मुलगी मला न्यायला आली होती तेव्हा ते बघून गाडीत म्हणाली, "मॉम, इज शी ओके?" मी म्हटलं, ठीक आहेत, इतक्यात पहिल्यांदाच ठीक आहेत.

मग आम्ही एका गावातल्या गन शोला गेलो. हॉकीच्या रिंकचं बर्फ काढून तिथे टेबलं मांडली होती. सगळे चेक्सच्या शर्टातले दाढीवाले. त्यांत नारायणपेठ नेसलेल्या शरयूताई झपाझप चाललेल्या, आणि पाठीमागे धापा टाकत मी. रिव्हॉल्व्हर बरोबर नव्हतं, फोटो होते. "ते गुन्हा असेल तर गावभर मिरवू का?" असा त्यांचा हिशेब. कोपऱ्यात अर्नी नावाचे एक म्हातारे गृहस्थ जुनी छोटी रिव्हॉल्व्हरं घेऊन बसले होते. त्यांनी भिंग लावून सगळे फोटो फार प्रेमाने पाहिले.

"लव्हली लिटल थिंग. एटीन नाइन्टीज, आय्'ड से. कुड बी नाइन्टी-फाइव्ह. कुड बी अ बिट आफ्टर नाइन्टीन हंड्रेड, ए?"

"व्हॉट इज धिस कुड बी?" शरयूताई कडाडल्या. "विच वन?"

"मॅम, दे मेड देम द सेम वे फॉर इयर्स. टू मी इट्स अँटीक इनफ. जस्ट एन्जॉय इट."

"आय ॲम एन्जॉइंग इट," शरयूताई म्हणाल्या, "दॅट इज द प्रॉब्लेम." येताना पूर्ण हायवेभर त्या गाडीत पुटपुटत होत्या. जवळपास! म्हणे जवळपास! पण त्यांच्या गालांवर रंग होता आणि घरी पोचल्यावर त्यांनी सोफा हलवला.

त्यानंतरच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी फोन. "माधवी, ये लवकर. ते मेलं गं."

मी कोट चढवून पळाले. रिव्हॉल्व्हर टेबलावर पेपरवर पडलं होतं आणि शरयूताई टेबलाभोवती फिरत होत्या. घोडा हलत नव्हता. सिलिंडर फिरत नव्हतं. "स्प्रिंग तुटली असेल. माझ्याच हातून तुटली. रॉय काय म्हणेल?" त्यांचे डोळे भरले होते. रॉय गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि तेही उभ्याने.

मी जवळ जाऊन पाहिलं. घोड्याच्या फटीतून पांढरं काही तरी डोकावत होतं. वास घेतला. ओळखीचा वास.

"ताई, यात काय घातलंत तुम्ही?"

"तेल. गंजू नये म्हणून. दुसरं काय?"

"कुठलं तेल?"

त्या क्षणभर थांबल्या. मग दोन्ही हात कपाळाला. "खोबरेल! अगं बाई, खोबरेल!"

नागपूरच्या घरी कडीकोयंड्यापासून केसांपर्यंत सगळ्याला एकच बाटली, तोच हात इथेही वळला होता. तेल घातलं आणि डबा नेऊन ठेवला गराजमध्ये, कारण बेसमेंटमधलं कपाट त्या हलवत होत्या. गराजमध्ये उणे पंधरा. आतलं खोबरेल दगड झालं. "नागपुरातसुद्धा थंडीत बाटली उन्हात ठेवायचो आम्ही! एवढी वर्षं कॅनडात राहून मला हे सुचू नये?" त्या स्वतःवर इतक्या चिडल्या की मला हसू आवरेना, आणि मग त्याही हसल्या.

हेअर ड्रायर आणला. मी धरला, त्या फडक्याने टिपत राहिल्या. तेल वितळून गळायला लागलं आणि त्या बर्फाळ घरात शाळेच्या वेण्यांचा वास भरला. घोडा सुटला. सिलिंडर फिरलं. पण मुठीच्या लाकडाखालून तेल झिरपतच होतं. "ही लाकडं काढून पुसायला पाहिजेत," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी तो स्क्रू भीतीपोटी हलवला नव्हता. लाकूड फुटलं तर? आता इलाज नव्हता. त्यांनी श्वास रोखून स्क्रू फिरवला आणि लाकडाच्या दोन फाका अलगद सुटून आल्या. खालच्या पोलादावर खोबरेलाचा पांढरा थर. तो पुसला तर खाली अक्षरं. एप्रनने न घासलेली, नव्यासारखी टोकदार. पेटंटची तारीख.

शरयूताईंनी भिंग लावलं. मग भिंग माझ्याकडे दिलं.

साल विसाव्या शतकातलं होतं. अगदी सुरुवातीचं, पण विसाव्याच. ज्यावर ते साल कोरलंय ते त्याच्या आधी बनणं शक्य नव्हतं.

 हेअर ड्रायर तसाच चालू होता, तो बंद केला. मग मी व्यवहाराचं तेच बोलले. "ताई, लाकडं परत लावा. स्क्रू बसवा. अर्नीसुद्धा अँटीक म्हणालाय. आत कोण बघणार आहे?"

"मी बघितलं ना," त्या म्हणाल्या.

आणि कोट न घालता बाहेर जाऊन शोव्हलने बर्फ उपसू लागल्या. ड्राइव्हवे आधीच साफ होता. त्यांनी शेजाऱ्याचा केला. त्याच्या शेजाऱ्याचा केला. मी खिडकीत उभी राहून ते बघत होते आणि मला त्या सालाचा, कायद्याचा, सगळ्याचाच राग येत होता. एका बाईला नवऱ्याची एक वस्तू हवी, त्यात कोणाचं काय जाणार होतं?

त्या परत आल्या त्या शोव्हल हातात घेऊनच, बर्फासकट, थेट स्वयंपाकघरात.

"माधवी, रॉयचा बाप कधीचा?"

"मला काय माहीत ताई?"

"मला माहीत आहे. त्याच्या थडग्यावर मी फुलं ठेवलीत. शतक उलटायच्या आधी जन्मलाय तो. तो पाळण्यात होता तेव्हा आजोबा वादळात गेले. हे बंदुकीचं साल त्याच्यानंतरचं आहे, चांगलं नंतरचं. मग मेलेल्या माणसाने लग्नात हे दिलं कसं?"

 जेवणाच्या त्याच टेबलावर दोन्ही गोष्टी आम्ही कित्येकदा एकापाठोपाठ ऐकल्या होत्या. भेट आणि वादळ. कोणी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"त्याने दिलंच नाही!" शरयूताई ओरडल्या. शोव्हलवरचं बर्फ माझ्या पायावर पडलं. "तिने घेतलं! ॲग्नेसने! नवरा नाही, पोरगं लहान, हिवाळा तोंडावर. गाडी जुंपून गावात गेली असेल, दुकानात उभी राहिली असेल, आणि म्हणाली असेल, हे मोठाले नको, माझ्या मुठीत राहील असं छोटं दाखवा. आणि या लोकांनी काय केलं? रॉयने, रॉयच्या बापाने? तिची बंदूक आजोबाला देऊन टाकली! मेलेल्या माणसाला! तीसुद्धा ॲपल पाय खाता खाता!"

त्या हसत होत्या, रडत होत्या, रॉयला अस्सल नागपुरी शिव्या घालत होत्या. मग एकदम त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुला तरी कुठे माहीत होतं म्हणा."

मला वाटलं, झालं, आता हे एवढं कळल्यावर त्या ते ठेवणारच. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "ठेवायचं तर मला काय सांगावं लागेल? की हे जुनं आहे, आजोबांनी दिलेलं आहे. म्हणजे मी पण तेच करू? तिला कळलं तर काय म्हणेल ती, की ही पण त्यांच्यातलीच निघाली?"

आणखी एक वाट होती. गनस्मिथकडून वेल्डिंग करून घेतलं की ते शस्त्र राहत नाही, कपाटात ठेवता येतं. मी चौकशी करून आले तेव्हा त्या जिना चढत होत्या. ऐकून अर्ध्यात थांबल्या. "म्हणजे घोडा हलणार नाही? सिलिंडर फिरणार नाही?" नाही, मी म्हटलं. "ॲग्नेसला खुर्चीला बांधून ठेवल्यासारखं होईल ते," असं म्हणून त्या वर गेल्या. एका लहानशा म्युझियमलाही त्यांनी फोन केला. तिथल्या भल्या माणसाने सांगितलं की आमच्याकडे अशी भरपूर आहेत आणि नवीन घ्यायला जागा नाही. भरपूर आहेत हे ऐकून त्या उलट खूश झाल्या. "म्हणजे अशा बऱ्याच जणी होत्या," म्हणाल्या.

पोलिसांना त्यांनी स्वतः फोन केला. ते येणार होते त्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेले. सकाळपासून त्यांनी रिव्हॉल्व्हर पुसून पुसून चकचकीत केलं होतं, या वेळी बंदुकीच्याच तेलाने. घरं रिकामी आहेत ना ते बघितलं, मला दाखवलं, आणि मग खिडकीपाशी उभं राहून सिलिंडर फिरवत राहिल्या. टिक, टिक.  बेल वाजली तेव्हा त्यांनी ते फलाटीनच्या फडक्यावर ठेवलं आणि दार उघडलं.

कॉन्स्टेबल तरुण होता, उंच, अतिशय नम्र. बूट काढू का, असंही त्याने विचारलं. शरयूताईंनी त्याला सगळी गोष्ट सांगितली, स्कॉटलंडपासून कायोटपर्यंत, आणि तो बिचारा त्यांच्यामागे स्वयंपाकघर ते डेक अशा फेऱ्या मारत ऐकत होता. शेवटी त्याने ते उचललं. त्याच्या पंजात ते दिसेनासंच झालं. मुठीवर त्याची दोनच बोटं मावली.

"सी?" शरयूताई म्हणाल्या. "नॉट फॉर यू. नॉट फॉर एनी ग्रँडफादर." त्यांनी ते त्याच्या हातून घेतलं, आपल्या मुठीत धरून दाखवलं आणि परत दिलं. त्यांचा हात सगळाच्या सगळा त्या झिजलेल्या लाकडावर बसला होता.

त्याने ते एका जाड पिशवीत घातलं, वर पट्टी चिकटवली आणि पट्टीवर लिहू लागला. रॉयचं नाव.

"नो, नो. ॲग्नेस लिहा. राइट ॲग्नेस. इट्स हर्स. शी बॉट इट."

"आय अंडरस्टँड, मॅम. बट इट केम फ्रॉम युवर हजबंड." मग पेन तसंच धरून म्हणाला, "व्हॉट वॉज हर लास्ट नेम? बिफोर शी मॅरीड?"

 एवढ्या वर्षांत रॉयने ते कधी सांगितलं नव्हतं. आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

"आय डोन्ट नो," त्या म्हणाल्या.

त्याने हळू आवाजात "आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस" म्हटलं आणि तो निघाला. दार लागलं. त्या दोन पावलं मागे गेल्या, दोन पुढे आल्या, आणि एकदम दार उघडून बाहेर. पायांत घरातल्या सपाता, अंगावर नुसतं स्वेटर. मी "ताई, बर्फ आहे" असं म्हणेपर्यंत त्या ड्राइव्हवेच्या टोकाला पोचल्यासुद्धा होत्या.

पुढे आजारपण आलं, हॉस्पिटल आलं, तेव्हाही मी त्यांच्याजवळ होते. पण शरयूताई म्हटलं की मला त्या दिसतात त्या अशाच, खिडकीतून. पोलिसाची गाडी सुरू झाली होती, तिच्या काचेवर बाहेरून पातळ हिम धरलं होतं. त्यांनी काच ठोठावली आणि ती खाली यायचीही वाट न पाहता बोटाने तिच्यावर लिहायला लागल्या. मोठी, ठळक अक्षरं, एकेक करून. ए, जी, एन, ई, एस. आतला माणूस मान वळवून बघत राहिला. मग त्या बाजूला झाल्या, आणि गाडी ते नाव घेऊन रस्त्याला लागली.